शंभर अर्ज करूनही उत्तर नाही. मग काहीतरी हटके करावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. अकाउंट्स आणि एमआयएसच्या (वरिष्ठांना दर महिन्याला द्यायच्या आकडेवारीच्या अहवालांच्या) कामाचा तुम्हाला ४ वर्षांचा अनुभव आहे. घरच्या आजारपणामुळे ८ महिने नोकरी सोडावी लागली. गेल्या ५ महिन्यांत शंभराच्या वर अर्ज केले आणि त्यातून फक्त २ फोन आले. आता कोणी म्हणतंय व्हिडिओ बायोडेटा कर, कोणी म्हणतंय रंगीत इन्फोग्राफिक कर, आणि एका मित्राने तर थेट कंपनीच्या मालकाला भेटवस्तू पाठवायला सांगितलंय. यातलं काय चालतं आणि गर्दीत वेगळं दिसायचं तर कसं, असं तुम्ही विचारताय.

मी २१ वर्षं भरतीचं काम करतोय. आधी एजन्सीत होतो, नंतर कंपन्यांच्या आत. हजारो अर्ज वाचले असतील, आणि त्यातले बरेचसे नीट न वाचताच बाजूला ठेवले असतील, हेही कबूल करतो. त्या खुर्चीत बसून काय दिसतं ते सांगतो.

'वेगळं दिसणं' या शब्दापाशीच मी जरा अडतो. जागा निघाली की तिच्यासाठी माणूस शोधणारा मॅनेजर आतून धास्तावलेला असतो. चुकीचा माणूस घेतला तर तीन-चार महिने फुकट जातात, टीममधल्या बाकीच्यांवर त्याचं काम पडतं, वरचे विचारतात 'याला कोणी घेतलं?', आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू. म्हणून अर्ज बघताना त्याचं डोकं 'यातला सर्वोत्तम कोण' या प्रश्नापेक्षा 'यातला कोण अंगाशी येणार नाही' याच बाजूला जास्त चालतं. तुमचा अर्ज दिसत नाही असं नाही. तो दिसतो, पण ती धास्ती कमी करणारं त्यात काही सापडत नाही, म्हणून नजर पुढच्या अर्जावर जाते. मग हटके गोष्टींकडे बघायचा माझा निकष सोपा आहे: याने समोरच्याची धास्ती कमी होते की वाढते? मालकाच्या घरी पार्सल आलं तर ती वाढते.

या निकषाला अर्थशास्त्रात एक भक्कम आधार आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (अकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत विभागून). त्यांचा मुद्दा असा: कामाला घेणाऱ्याला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, त्याला फक्त खुणा दिसतात. आणि खुणेला किंमत तेव्हाच येते, जेव्हा कुवत असलेल्याला ती दाखवणं सोपं आणि नसलेल्याला अवघड असतं. जी खूण कोणीही फुकटात दाखवू शकतो, ती बघून काहीच कळत नाही.

आता तुमच्या शंभर अर्जांकडे या नजरेने बघा. 'मी मेहनती आहे, टीममध्ये काम करायला आवडतं, दबावाखाली काम करू शकतो' हे लिहायला किती कष्ट पडतात? शून्य. म्हणून त्याचं वजनही शून्य. अर्जासोबतच्या पत्राचंच बघा. पूर्वी कोणी आमच्या कंपनीबद्दल दोन परिच्छेद नीट लिहून पाठवले की मी थांबायचो. या माणसाने अर्धा तास तरी घालवलाय, भाषा बरी आहे, म्हणजे मेलही बरे लिहीत असेल, असा अंदाज बांधता यायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या काही महिन्यांत ही खूण माझ्या डोळ्यांदेखत मेली. आता प्रत्येक पत्र गुळगुळीत असतं, प्रत्येकाला आमच्या 'मूल्यांविषयी' प्रचंड आदर असतो, आणि वाक्यंही तीच. एकदा एका जागेसाठी लागोपाठ चार पत्रं जवळजवळ सारख्याच वाक्याने सुरू झालेली बघितली. यंत्राची मदत घेऊ नका असं मी म्हणत नाही. भाषा तपासायला, व्याकरण सुधारायला जरूर घ्या. फक्त गुळगुळीत पत्र आता तुमच्या बाजूने काही बोलत नाही, एवढं धरून चाला.

रंगीत बायोडेटाची गोष्ट थोडी वेगळी. तो फुकट नसतो, पण बहुतेक वेळा नको त्या कुवतीची खूण असतो. कोणीतरी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानासारखा बायोडेटा बनवला होता. मथळा, रकाने, फोटो, सगळं. कल्पना गोड होती. पण मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि ते त्यातला मजकूर उपसून घेतं. त्या सॉफ्टवेअरने डाव्या रकान्यातली अर्धी ओळ उजव्या रकान्यातल्या अर्ध्या ओळीला जोडली. पदवी एका कंपनीच्या नावाला चिकटली, आणि फोन नंबर पानाच्या वरच्या पट्टीत होता तो आलाच नाही. माणसाचा दोष एवढाच की त्याने फार मेहनत घेतली. तुमचाही बायोडेटा तपासून बघा: फाइल उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल, साधारण तसंच पलीकडे जातं. चित्रात लिहिलेला मजकूर, टेबलं, शेजारी-शेजारी रकाने, हेडर-फुटर, घोळ होतो तो इथेच.

आणि हो, 'एक्सेल: ८५ टक्के' अशा पट्ट्या काढू नका. उरलेले १५ टक्के कुठले, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून सॉफ्टवेअरला चकवायची एक युक्तीही फिरत असते. उपसलेला मजकूर आम्हाला साध्या काळ्या अक्षरांत दिसतो, त्यामुळे ती लपवाछपवी सगळ्यात वर येऊन बसते.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. कागद डोळ्यांनी चाळता येतो, व्हिडिओ चाळता येत नाही. २०० जणांनी दोन-दोन मिनिटांचे पाठवले तर साडेसहा तासांहून जास्त वेळ जातो. शिवाय चेहरा, वय, बोलण्याची ढब बघून आधीच मत बनू नये म्हणून काही कंपन्या पहिल्या फेरीत व्हिडिओ बघायचं मुद्दाम टाळतात. शिकवणं, विक्री, सूत्रसंचालन, कॅमेऱ्यासमोरचं काम, जिथे बोलणं हेच काम आहे तिथे व्हिडिओ हा कामाचा नमुना होतो. तुमच्या क्षेत्रात नाही.

भेटवस्तूबद्दल तर आणखी थोडक्यात: नको. बऱ्याच कंपन्यांत भेट स्वीकारण्याचे नियम असतात आणि ज्याला ती मिळाली त्याला वर खुलासा द्यावा लागतो. मदत मागायला जाऊन समोरच्याच्या डोक्याला ताप दिल्यासारखं होतं.

मग चालतं काय? मी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण या विषयावर तिच्याइतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, लंडनमध्ये बुकबाइंडिंगची उमेदवारी करत होता. विज्ञानाच्या कामात शिरायची धडपड होती, हाताशी पदवी नाही, घराणं नाही. त्याने रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून काम मागितलं. उत्तर आलं नाही. तुमच्या शंभर अर्जांसारखंच. १८१२ मध्ये दुकानात येणाऱ्या विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने ४ व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती नीट लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधणी करून सुमारे ३०० पानांचं एक पुस्तक तयार केलं आणि डिसेंबर १८१२ मध्ये पत्रासोबत डेव्हींकडे पाठवलं. या वेळी काही दिवसांतच उत्तर आलं.

बँक्स यांना गेलेल्या पत्रात नुसती इच्छा होती. डेव्हींच्या हातात मात्र पुरावा पडला: या पोराला विषय कळतो, तो बारकाईने ऐकतो, नोंदी नीटनेटक्या ठेवतो, हाताने सफाईदार काम करतो आणि हाती घेतलेलं तडीस नेतो. प्रयोगशाळेतल्या मदतनिसात आणखी काय हवं असतं? ज्या बुकबाइंडिंगला त्या कामाच्या दृष्टीने काही किंमत नव्हती, तेच पुस्तकाच्या रूपाने समोर आलं. आणि कुवत नसलेल्या माणसाला हे करता आलंच नसतं. कंटाळून तो दहाव्या पानावर थांबला असता. स्पेन्स १६० वर्षांनी जे सांगणार होते, ते हेच.

पण गोष्टीचा पुढचा भाग लोक गाळतात आणि तो तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. जानेवारी १८१३ मध्ये डेव्ही फॅरडेला भेटले आणि जागा नाही म्हणून सांगितलं, वर बुकबाइंडिंग सोडू नकोस असा सल्लाही दिला. पुढच्याच महिन्यात डेव्हींच्या प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकावं लागलं, आणि डेव्हींना फॅरडे आठवला. १ मार्च १८१३ ला त्याची नेमणूक झाली. असा कामाचा नमुना पाठवल्याने जागा निर्माण होत नाही. जागा निघते तेव्हा तुमचं नाव आठवतं. माझ्याकडेही असं दोन-तीनदा झालंय: नाही म्हणून परत पाठवलेला माणूस, चार महिन्यांनी मीच फोन करून बोलावलेला.

नमुन्यावर माझा इतका भर का, त्याला संशोधनाचीही पुस्ती आहे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये माणसं निवडण्याच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून तपासलं. प्रत्यक्ष काम करून घेणारी चाचणी सगळ्यात वरच्या पद्धतींत आली आणि 'किती वर्षांचा अनुभव' हा निकष खालच्या टोकाला गेला. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते गणित पुन्हा मांडलं. आकडे बरेच खाली आले, ठरावीक प्रश्नांची मुलाखत सगळ्यात वर गेली, पण कामाच्या नमुन्याची चाचणी वरच्या गटातच राहिली आणि अनुभवाची वर्षं तळाशीच. तरी जाहिरातींत वर्षंच मागतात, कारण ती मोजायला सोपी. म्हणून तुमच्या चार वर्षांवर भिस्त ठेवू नका. चार वर्षांत जे शिकलात ते काम म्हणून समोर ठेवा.

तुमच्या क्षेत्रात हे कसं करायचं? डिझाइनरला पोर्टफोलिओ असतो, अकाउंट्सवाल्याला कुठला, असं तुम्ही म्हणाल. असतो, फक्त कोणी बनवत नाही, म्हणूनच तो चालतो. मला सुचतात ते दोन प्रकार सांगतो.

पहिला, काल्पनिक आकड्यांवरचा. एका काल्पनिक कंपनीच्या बँक खात्याच्या आणि वहीच्या दोनेकशे नोंदी एक्सेलमध्ये तयार करा. त्यात सात-आठ चुका मुद्दाम पेरा: एक चेक दोनदा लागलेला, एक बँक चार्ज राहिलेला, एका रकमेतले दोन आकडे उलटसुलट झालेले. मग ताळमेळ कसा घातला, कुठली चूक कशी पकडली, ती पुन्हा होऊ नये म्हणून फाइलमध्ये कोणती तपासणी बसवली, हे एका पानात लिहा. वर ठळक लिहा: 'सर्व आकडे काल्पनिक आहेत'. उलटसुलट आकडे पकडायची जुनी खूण तुम्हाला माहीत असेलच, फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. अशी एखादी गोष्ट सहज लिहिलेली दिसली की वाचणारा फायनान्स मॅनेजर ताठ बसतो. हा माणूस त्यातून गेलाय, हे त्याला कळतं.

दुसरा, खऱ्या पण जाहीर आकड्यांवरचा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल सगळ्यांना खुले असतात. जिथे अर्ज करताय ती कंपनी किंवा त्याच धंद्यातली दुसरी एखादी घ्या. ३ वर्षांची विक्री आणि येणी घेऊन उधारी सरासरी किती दिवसांत वसूल होते ते काढा. दिवस वाढलेत की कमी झालेत, मालाचा साठा कुठे चाललाय, आणि महिन्याच्या एमआयएसमध्ये यातलं काय, कोणाला, कसं दाखवाल, हे लिहा. एक पान, जास्तीत जास्त दोन. पंधरा पानांचा अहवाल कोणी वाचणार नाही. मीही नाही.

यात दोन ठिकाणी लोक पाय घसरून पडतात. एक म्हणजे जुन्या कंपनीची खरी फाइल. एका उमेदवाराने मुलाखतीत मोठ्या उत्साहाने लॅपटॉप उघडून आधीच्या कंपनीचा पगाराचा तक्ता दाखवला होता, माणसांच्या नावांसकट. तक्ता झकास बनवला होता. पण खोलीत बसलेल्या तिघांच्याही डोक्यात एकच आलं, उद्या हा आमचाही असाच दाखवेल. दहा मिनिटांत मुलाखत संपली. नावं खोडूनही दाखवू नका. नव्याने बनवा.

दुसरं म्हणजे आगाऊपणा. बाहेरून कंपनीकडे बघून 'तुमच्या पाच घोडचुका' असं लिहिणारे असतात, आणि काही तर ते जाहीरपणे लिहितात. उचलली जीभ लावली टाळ्याला. आत काय अडचणी आहेत याची तुम्हाला कल्पना नसते, आणि वाचणारा कदाचित त्याच 'चुकी'चा धनी असतो. याउलट ग्राहक सेवेच्या जागेसाठी आलेली एक मुलगी मला आजही आठवते. तिने अर्जाआधी कंपनीच्या तक्रार फॉर्मवरून खरोखरच एक तक्रार नोंदवून बघितली होती. तिसऱ्या पायरीवर माणूस कुठे अडकतो, ते तिने स्क्रीनशॉटसह दीड पानात लिहिलं होतं. सुरुवातच अशी होती, 'आतली बाजू मला माहीत नाही, एक ग्राहक म्हणून बाहेरून असं दिसलं.' मॅनेजरने ते पान तिच्या मुलाखतीआधीच आपल्या टीमला पाठवून दिलं होतं. तिला घेतलं हे सांगायला नकोच.

नमुना पाठवताना मेल छोटा ठेवा. साधारण असा: 'आपल्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी अर्ज करत आहे. जाहिरातीत महिनाअखेरच्या क्लोजिंगवर भर दिसला. मी आधीच्या नोकरीत हे काम ४ वर्षं सांभाळलं. मी ताळमेळ कसा घालतो याचा काल्पनिक आकड्यांवरचा एक नमुना सोबत जोडला आहे, पहिल्या पानावर सारांश आहे. बायोडेटाही जोडला आहे.' बस. फाइलला 'फायनल २ नवीन' असं नाव देऊ नका, स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या. पोर्टलवरून अर्ज करायचा नियम असेल तर तो तिथेही कराच, नाहीतर 'प्रक्रिया पाळत नाही' हीच खूण जाईल.

आता कबुलीजबाब. हे सगळीकडे सारखं लागू पडत नाही. जिथे भरती लेखी परीक्षेच्या गुणांवर होते तिथे यातलं काहीही उपयोगाचं नाही, तो वेळ अभ्यासाला द्या. लहान कंपनीत मालक स्वतः मेल वाचतो, तिथे नमुना सगळ्यात जास्त चालतो. मोठ्या कंपनीत तुमचा अर्ज आधी माझ्यासारख्या माणसाकडे येतो आणि मला ताळमेळातलं फारसं कळत नाही. तिथे मी जाहिरातीतल्या अटी जुळतात का एवढंच बघतो, त्यामुळे बायोडेटा साधा आणि जाहिरातीच्या भाषेत हवा आणि नमुना फायनान्सच्या माणसापर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचवावा लागतो. जाहिरात, डिझाइन, लेखन या क्षेत्रांत थोडा नखरा खपतो, ऑडिट आणि कायद्यात तो अंगलट येतो. आणि तुमच्या क्षेत्रात सध्या जागाच कमी निघत असतील तर उत्कृष्ट अर्जालाही वेळ लागेल. त्यात तुमची चूक नसेल.

ती 'वेगळी वाट' म्हणजे माणसं. इथे बहुतेक जण तोंड वाकडं करतात. 'म्हणजे वशिलाच ना?' नाही. वशिला म्हणजे कुवत न बघता कोणाच्या तरी शब्दावर जागा मिळणं. ओळख म्हणजे तुमचा कागद योग्य माणसाने एकदा वाचावा एवढीच सोय. पुढचं तुमचं तुम्हाला करायचं असतं. गंमत म्हणजे ज्या वर्षी स्पेन्सचा निबंध आला त्याच वर्षी, १९७३ मध्ये, मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचाही एक निबंध आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं होतं की त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होता. जेमतेम १७ टक्के लोक 'नेहमी' म्हणाले, सुमारे ५६ टक्के 'अधूनमधून' आणि २८ टक्के 'क्वचित'. त्याने विचारलेली माणसं थोडीच होती. पण २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासातही नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोग झाला तो माफक ओळखीच्या माणसांचा. अगदी जवळचे नव्हेत, आणि अगदी अनोळखीही नव्हेत.

कारण साधं आहे. तुमच्या जवळच्या मित्रांना तुम्हाला माहीत असलेल्याच जागा माहीत असतात. जुन्या ऑफिसातला दुसऱ्या विभागातला माणूस, पूर्वीचा ऑडिटर, ज्याच्याशी बिलांवरून वर्षभर फोनवर बोललात तो पुरवठादाराचा अकाउंटंट, यांची वर्तुळं वेगळी असतात. फॅरडेला तिकिटं देणारा डान्सही त्याचा मित्र नव्हता, दुकानाचा गिऱ्हाईक होता.

अशा २० जणांची यादी करा आणि प्रत्येकाला वेगळा, चार ओळींचा निरोप पाठवा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. 'कसे आहात, बरेच दिवस झाले' करत तीन निरोप घालवून चौथ्यात नोकरीचं काढलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. सरळ लिहा: अमुक प्रकारचं काम शोधतोय, सोबत माझ्या कामाचा एक पानी नमुना आहे, तुमच्याकडे फायनान्सचं काम कोण बघतं त्यांच्यापर्यंत तो पोहोचवता येईल का? 'काही असेल तर कळवा' याने काही होत नाही. समोरच्याला नेमकं काय करायचं तेच कळत नाही. नेमकी विनंती केली की तो दोन मिनिटांत ती पार पाडून मोकळा होतो. आणि इथेही नमुना कामाला येतो, कारण तुमचं नाव पुढे करणाऱ्यालाही धास्ती असतेच, आपण सुचवलेला माणूस कच्चा निघाला तर? तुम्ही त्याच्या हातात दाखवण्याजोगं काहीतरी देता.

वेळेचा हिशेब विचाराल तर: एक नमुना नीट करायला तीन-चार संध्याकाळी जातील. पुढे प्रत्येक कंपनीसाठी त्यात बदल करायला तासभर. म्हणजे महिन्याला वीसऐवजी सात-आठच अर्ज होतील. होऊ द्या.

उलट बाजूची एक सावधगिरीही सांगतो. तुम्ही स्वतःहून दोन पानं देणं वेगळं आणि कंपनीने 'चाचणी' म्हणून आठवडाभराचं खरं काम फुकट करून घेणं वेगळं. दोन-तीन तासांचं काम असेल तर करा. त्यापुढे गेलं तर नम्रपणे विचारा की यातला कोणता भाग बघणं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे, तेवढं नीट करून देतो. खरी भरती असेल तर ते मान्य करतात.

मुलाखतीबद्दल फार सांगत नाही, तुमचा प्रश्न तिथला नाही. फक्त एक प्रश्न खिशात ठेवा. 'काही विचारायचंय का?' असं आलं की म्हणा: 'सहा महिन्यांनी या जागेवर माणूस योग्य निवडला असं तुम्हाला कशावरून वाटेल?' मॅनेजर जे उत्तर देतो ती त्याची धास्तीच असते, त्याच्या तोंडून. 'एमआयएस पाच तारखेच्या आत यायला हवा, आत्ता बारा उजाडते' असं म्हणाला, तर संध्याकाळच्या आभाराच्या मेलमध्ये तेवढ्या एका गोष्टीवर चार ओळी लिहा, तुम्ही ते कसं आवराल यावर. हे मी फार कमी उमेदवारांना करताना बघितलंय.

राहिला तो ८ महिन्यांचा खंड. तो झाकला जावा म्हणून बायोडेटात नुसती वर्षं लिहिली असतील, महिने नाहीत, तर तसं करू नका. ते पहिल्या दहा सेकंदांत लक्षात येतं आणि मग वाचणारा आजारपणाहून भलतंच काहीतरी मनात धरतो. एक ओळ लिहा: 'कौटुंबिक आजारपणामुळे ८ महिने विराम, आता पूर्णवेळ उपलब्ध.' आजार कोणाला, काय, हे सांगायची गरज नाही आणि विचारलं तरी सविस्तर सांगू नका. त्या काळात एखादा कोर्स केला असेल तर तोही लिहा. नसेल तर ओढूनताणून लिहू नका. नमुन्यावरची ताजी तारीख तुमचा हात अजून चालू आहे हे सांगेलच.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत: त्या २ फोनांचं पुढे काय झालं. शंभरातले अठ्ठ्याण्णव का आले नाहीत हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, पण त्या दोघांनी तुम्हाला का निवडलं आणि पुढे गाडी कुठे अडली, हे शोधता येतं. दोन्ही जागा कशा होत्या, कंपनी लहान होती की मोठी, अर्ज पोर्टलवरून होता की कोणामार्फत, फोनवर पगाराच्या प्रश्नापाशी थांबलं की खंडाच्या, तेवढं सांगा. नोटपॅडमध्ये चिकटवलेल्या बायोडेटाचा मजकूरही नाव-पत्ता काढून इथे टाका. त्यावर पुढचं बोलू.